केसभर अंतर

१३ सप्टेंबर १९५२च्या पहाटे इंग्लंडमधल्या हेरफर्डशायर परगण्यात, रेडमायर नावाच्या लहानशा तळ्यावर रिचर्ड वॉकर यांच्या गळाला ४४ पौंडांचा, म्हणजे जवळपास २० किलोंचा कार्प लागला. वॉकर यांनी तो लंडनच्या प्राणिसंग्रहालयाला दिला आणि तिथल्या मत्स्यालयात तो १९७१पर्यंत जगला. मोठा कार्प गळाला लागतच नाही, असं तोवर अनेक इंग्रज गरवणारे मानत असत. ही समजूत त्या पहाटेनं मोडली, पण त्यामागचं कोडं मात्र पुढची पंचवीस वर्षं तसंच राहिलं. कार्प आमिष तोंडात घेतो आणि गळ न टोचताच ते थुंकतो, असं का?

उत्तर माशाच्या तोंडात आहे. कार्पच्या जबड्यात दात नसतात, ते घशात असतात. आपल्याकडचे रोहू आणि कटला याच कुळातले आणि त्यांचीही रचना अशीच. तळाशी चरताना कार्प पाण्याबरोबर दाणा आत ओढतो, चाचपतो आणि नको ते फुंकून बाहेर टाकतो. कणकेच्या गोळीत किंवा पावाच्या लगद्यात गळ लपवला, तर दोन गोष्टी बिघडतात. गळाच्या वजनानं आणि दोऱ्याच्या ताणानं गोळी सुट्या दाण्यासारखी हलत नाही. शिवाय टोक गोळीतच रुतून बसलेलं असतं, त्यामुळे थुंकताना ते ओठाला लागत नाही.

१९७०च्या दशकाच्या अखेरीस लेन मिडलटन आणि केविन मॅडॉक्स यांनी टाकीतल्या कार्पांवर नजर ठेवून यावर तोड काढली. आमिष गळात खुपसायचंच नाही, गळाला बांधलेल्या एका केसावर ते लोंबकळत ठेवायचं. सुरुवातीला हा केस खरोखरच माणसाच्या डोक्यावरचा होता. आमिष मोकळं राहिलं आणि गळ उघडा. मासा आमिष आत ओढतो, त्यामागून गळ येतो. मासा थुंकायला जातो, तेव्हा उघडं टोक खालच्या ओठात रुततं. मॅडॉक्स यांनी १९८१च्या ‘कार्प फीव्हर’ या पुस्तकात ही ‘हेअर रिग’, म्हणजे केसाची बांधणी, मांडली आणि कार्प गरवण्याची रीतच पालटली.

तिच्या जोडीला वजनदार शिसं आलं. दोन-तीन औंसांचं शिसं गळाजवळ अर्धवट पक्कं बसवलं की टोक टोचताच मासा बिचकून पळतो, शिशाचा भार त्याला अडवतो आणि गळ आणखी रुततो. माणसानं काठी उचलण्याआधीच निम्मं काम झालेलं असतं.

ही रिग बांधायला अवघड नाही. मऊ वेणीच्या दोऱ्याच्या टोकाला छोटा फास करावा, हेच टोक आता केसाचं काम करतं. आमिष ओवण्याच्या सुईनं गोळी त्यावर चढवून फासात बारीक अडसर घालावा. गोळी आणि गळाचा बाक यांत अर्धा-एक सेंटिमीटर जागा राहील, असा दोरा दांडीला लावून धरावा. मग लांब टोक गळाच्या डोळ्यातून घेऊन दांडीवर सात-आठ वेढे घट्ट द्यावेत आणि तेच टोक पुन्हा डोळ्यातून, पाठीकडून आत, गळाच्या टोकदार बाजूला काढावं. ही शेवटची दिशा फार महत्त्वाची. ती चुकली की गळ ओठाकडे वळत नाही. दोरा ओला करून गाठ आवळावी. मग रिग तळहातावरून हलकेच ओढून पाहावी. गळ वळून कातडीला अडकला, तर बांधणी बरोबर.

कोणती रिग वापरायची, ही निवड मात्र तळ्याचा तळ करतो. वाळू-खड्यांचा स्वच्छ तळ असेल, तर १५ ते २० सेंटिमीटर दोऱ्याची साधी हेअर रिग पुरते. कुजका पालापाचोळा असेल, तर ती त्यात बुडते. तिथे ताठ, वाकवलेल्या आखूड दोऱ्यावर तरंगती गोळी लावतात, तिला ‘चॉड रिग’ म्हणतात. मासे मधल्या पाण्यात फिरत असतील, तर तळापासून लांब दोऱ्यावर फोमचा तुकडा तरंगत ठेवणारी ‘झिग रिग’ कामी येते. पाणी न पाहता रिग बांधून नेणं म्हणजे माप न घेता अंगरखा शिवणं.

एवढा खटाटोप का, याचं उत्तर डच संशोधक ब्यूकेमा यांच्या प्रयोगांत आहे. एकदा गळाला लागलेला कार्प पुढे बराच काळ गळ टाळतो, हे त्यांनी १९७०च्या सुमारास दाखवून दिलं. इंग्लंडमध्ये पकडलेला कार्प बहुधा पुन्हा पाण्यात सोडतात. पीटरबरोजवळच्या ब्लूबेल तळ्यातली ‘बेन्सन’ ही मादी २००९मध्ये मेली, तोवर ती साठाहून अधिक वेळा पकडली गेली होती. अशा अनुभवी माशापुढे बांधणीतली ढिलाई चालत नाही.

तरीही १६ जून १९८० रोजी क्रिस येट्स यांनी त्याच रेडमायरमध्ये वॉकर यांच्या ४४ पौंडांच्या कार्पचा विक्रम मोडणारा साडेएकावन्न पौंडांचा कार्प पकडला, तो गळावर थेट लावलेल्या मक्याच्या दाण्यांवर. मासा कुठे चरतो हे ओळखणाऱ्याला साधी बांधणीही साथ देते.

एक पथ्य मात्र प्रत्येक रिगला लागू आहे. दोरा तुटला तर शिसं आपोआप सुटलं पाहिजे. नाहीतर मासा ते ओझं ओढत शेवाळात अडकून मरतो. तेव्हा रिग पाण्यात टाकण्यापूर्वी शिसं हातानं ओढून पाहा. ते सुटत नसेल, तर ती रिग वापरू नका.