तीन देशांची एक बाई

मध्य आफ्रिकेतल्या घनदाट जंगलात मधूनच एखादं दलदलीचं, गवताळ मोकळवन लागतं. तिथले बाआका लोक अशा जागेला ‘बाई’ म्हणतात. मराठी कानाला हा शब्द भलताच ओळखीचा, आणि योगायोगानं तो तिथं शोभतोही. कारण या बाईवर उतरणारं हत्तींचं कुटुंब म्हणजे बहुधा एक आई आणि तिची पिल्लं. नर आपापले एकटे येतात. अशा बायांमध्ये सर्वांत नावाजलेली झांगा बाई, मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकाच्या नैर्ऋत्य टोकाला, बायंगा गावाजवळ. एका वेळी चाळीसपासून शंभरपर्यंत वनहत्ती इथं उघड्यावर दिसतात. एरवी हा प्राणी दहा पावलांवर झाडीत उभा असला तरी दिसायचा नाही. गवताळ प्रदेशातल्या हत्तीपेक्षा तो बुटका, कान गोलसर, सुळे सरळ आणि जमिनीकडे झुकलेले. तो येतो क्षारांसाठी. पाण्यात उभा राहून सोंड तळाच्या वाळूत पार मुळापर्यंत खुपसतो, फुंकर मारून गाळ उडवतो आणि खालचं क्षारयुक्त पाणी ओढून घेतो. चांगले खड्डे मोजकेच. त्यांवर दांडग्या नरांचा ताबा, आणि बाकीचे मागं ताटकळत उभे, नळावरच्या रांगेसारखे.

अँड्रिया टर्कालो या अमेरिकन संशोधिकेनं 1990 पासून दोन दशकांहून अधिक काळ या बाईच्या काठावर बसून कानांच्या चिरा, सुळ्यांचे आकार टिपत तीन हजारांवर हत्ती एकेक करून ओळखले. त्या नोंदींतून 2016 साली जे बाहेर आलं, ते माझ्या मते या जंगलाविषयीचं सर्वांत महत्त्वाचं सत्य आहे. वनहत्तीण पहिल्यांदा विते ती सरासरी तेविसाव्या वर्षी. गवताळ प्रदेशातली तिची बहीण बाराव्या वर्षाच्या आसपास. पुढच्या दोन बाळंतपणांत पाच-सहा वर्षांचं अंतर. या गतीनं संख्या दुप्पट व्हायला साठेक वर्षं लागतात. आता याच्याशेजारी मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकाचं पंचांग ठेवा. 1960 ला स्वातंत्र्य. 1965, 1979, 1981, 2003 आणि 2013 असे पाच सत्तापालट. स्वातंत्र्याच्या वर्षी जन्मलेल्या हत्तिणीनं एका आयुष्यात पाचही पाहिले असते. तिला हवी साठ वर्षांची सलग शांतता, आणि ती एकट्या देशाच्या हाती नाही. शेजारच्या काँगो प्रजासत्ताकातही 1997 मध्ये यादवी पेटली होतीच. म्हणून मी म्हणतो, सीमेपलीकडे पसरलेलं अभयारण्य हा मैत्रीचा देखावा नव्हे, तो विमा आहे: एकाच्या वाईट दशकात दुसऱ्याचं जंगल शाबूत असावं, एवढ्यासाठी काढलेला.

या अभयारण्याची कागदोपत्री माहिती थोडक्यात उरकतो. कॅमेरूनचं लोबेके, मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकाचं, झांगा बाई ज्यात येते ते झांगा-न्डोकी आणि काँगोचं नुआबाले-न्डोकी ही एकमेकांना लागून असलेली तीन राष्ट्रीय उद्यानं. सहकार्याचा करार 2000 सालचा, युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत नाव 2012 ला, क्षेत्र सुमारे साडेसात हजार चौरस किलोमीटर, म्हणजे पुणे जिल्ह्याच्या जवळपास निम्मं.

आक्षेप लगेच येतो: मग 2013 मध्ये या विम्यानं काय वाचवलं? मार्चमध्ये मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकाची राजधानी बंडखोरांच्या हाती गेली. मे महिन्यात कलाश्निकोव बंदुका घेतलेले सतरा जण झांगा बाईवर पोचले. जिथून शास्त्रज्ञ हत्ती मोजत, त्याच मचाणावर चढून त्यांनी गोळ्या झाडल्या. 26 हत्ती मेले. कराराला दहा वर्षं उलटून गेली होती आणि त्या दिवशी तो कामाला आला नाही, हे मान्यच करायला हवं. पण विम्यानं आग विझत नाही. पाहायचं ते पुढचं: हत्ती बाईवर परतले, कारण त्यांना परतायला आजूबाजूचं जंगल सलग होतं. त्याआधीच्या दशकात साऱ्या मध्य आफ्रिकेचं चित्र काय होतं? 2002 ते 2011 या काळात वनहत्ती सुमारे 62 टक्क्यांनी घटले. तिळारीच्या खोऱ्यातल्या शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको की हत्तीला कर्नाटक, गोवा, महाराष्ट्र असले फरक कळत नाहीत. बाईवरच्या हत्तीलाही तेच लागू. एका देशानं एकट्यानं राखलेला हत्ती म्हणजे शेजाऱ्याच्या भरवशावर सोडलेला हत्तीच.

दुसरा आक्षेप अधिक टोचणारा आहे आणि तो पहिल्याइतका सहज परतवता येत नाही. हे जंगल बाआका आणि कॅमेरूनच्या बाका लोकांचं. अभयारण्यं आली आणि त्यांच्याच शिकारीच्या, मधाच्या, कंदमुळांच्या वाटांवर पहारे बसले. पहारेकऱ्यांनी मारहाण केल्याच्या तक्रारी वर्षानुवर्षं होत्या. संयुक्त राष्ट्रांच्या माजी मानवाधिकार उच्चायुक्त नवी पिल्ले यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं 2020 मध्ये या उद्यानांना पाठबळ देणाऱ्या डब्ल्यूडब्ल्यूएफ या संस्थेवर ठपका ठेवला की मानवाधिकारांविषयी दिलेले शब्द संस्थेनं अनेक ठिकाणी पाळले नाहीत. हत्ती वाचवायचे तर थोडं चालायचंच, हा युक्तिवाद मला नीतीनं तर नाहीच, हिशेबानंही पटत नाही. झांगा-न्डोकीतल्याच बाई होकू इथल्या गोरिलांना माणसाची सवय झाली ती बाआका वाटाड्यांमुळे; वाकलेलं पान बघून कळप कधी गेला हे सांगणारा माणूस दुखावून कोणतं जंगल राखणार? साठ वर्षांच्या विम्याचा हप्ता ज्यानं भरायचा, त्यालाच बाहेर उभं केलं तर पॉलिसी बुडणारच.

कुणी म्हणेल, एका प्राण्यापायी इतका खटाटोप कशाला. पण वनहत्ती मोठाली फळं गिळतो, बिया कोसभर लांब नेऊन शेणासकट पेरतो आणि हलकी, कोवळी झाडं मोडून जड लाकडाच्या वृक्षांना जागा करून देतो. 2019 च्या एका अभ्यासाचा अंदाज असा की हे हत्ती संपले तर मध्य आफ्रिकेच्या वर्षावनांचं जमिनीवरचा वनस्पतिभार सात टक्क्यांनी कमी होईल. आणि एवढा जीव जातो कशासाठी? त्याचा सुळा कठीण, कोरीवकामाला उत्तम, म्हणून जपानात सहीच्या शिक्क्यांसाठी त्याला मागणी. चीननं 2017 अखेर देशांतर्गत हस्तिदंत व्यापार बंद केला. जपाननं मात्र आपला बाजार पुरता बंद केलेला नाही.

2021 पासून वनहत्ती स्वतंत्र जात म्हणून अतिसंकटग्रस्त यादीत आहे. 2013 च्या मे महिन्यात झांगा बाईवरून आईमागं पळालेलं एखादं तान्हं मादी पिल्लू जगलं असेल, तर त्याचं पहिलं बाळंतपण 2036 च्या आसपास.