खडा दिसला म्हणून पिशवी काढायची?

सोनोग्राफीत खडा दिसणं वेगळं आणि त्या खड्यानं पोट दुखणं वेगळं. पित्ताची पिशवी काढायची की नाही, हे दुसऱ्या गोष्टीवरून ठरायला हवं. खड्याची कळ बहुधा ओळखू येते. उजव्या बरगडीखाली किंवा बेंबीच्या वर मधोमध ती उठते, बरेचदा रात्री, जड जेवणानंतर. अर्धा तास ते काही तास टिकते, पाठीत किंवा उजव्या खांद्यात जाते, कुठल्याच कुशीवर पडू देत नाही, आणि मग ओसरते. छातीतली जळजळ, आंबट ढेकर, जेवल्यावर फुगणारं पोट यांचा या पिशवीशी सहसा संबंध नसतो. पण रिपोर्टात खडा निघाला की सगळं खापर त्याच्यावर फुटतं. नेदरलँड्समधल्या २४ रुग्णालयांतल्या १०६७ रुग्णांचा अभ्यास २०१९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. सगळ्यांना खडेही होते आणि पोटाच्या तक्रारीही. बहुतेकांची पिशवी काढली गेली, तरी वर्षभरानं दहांपैकी चारेक जणांचं पोट दुखतच होतं. यातल्या अनेकांचं दुखणं मुळात पिशवीचं नसावं.

‘पण उद्या कावीळ झाली, स्वादुपिंड सुजलं तर?’ ही भीती खोटी नाही. मात्र कधीच न दुखलेल्या खड्यांपैकी वर्षाला शंभरात दोन-तीनच त्रास देऊ लागतात, आणि तोही बहुधा आधी साध्या कळेनं. दुसऱ्या पारड्यात शस्त्रक्रियेचा धोका आहे: हजारांत तीन ते पाच जणांच्या मुख्य पित्तनलिकेला इजा होते, आणि ती निस्तरणं मूळ ऑपरेशनपेक्षा कितीतरी अवघड. १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी ही शस्त्रक्रिया दुर्बिणीतून केली, तेव्हापासून आपल्याकडे पोटावरची चीर चार छोट्या छिद्रांवर आली. आत मात्र पिशवीची तीच नलिका आणि तीच रक्तवाहिनी कापावी लागते. छिद्रं लहान म्हणून निर्णयही लहान समजला जातो, ही माझी खरी तक्रार. याउलट खरी कळ येऊन गेलेल्यानं, आणि कावीळ, ताप किंवा स्वादुपिंडाची सूज झालेल्यानं तर नक्कीच, चालढकल करू नये. तीन सेंटिमीटरहून मोठा खडा किंवा एक सेंटिमीटरहून मोठा पॉलिप (पिशवीच्या आतल्या भिंतीवरची गाठ) असेल, तर दुखत नसतानाही सर्जनशी बोलावं, कारण तिथे कर्करोगाची शंका असते.

नुसता खडा काढून पिशवी का ठेवत नाहीत? मूतखडा लघवीवाटे पडतो, तसा हाही पडेल, असं पुष्कळांना वाटतं. पण इथली वाट अरुंद आहे आणि खडा नेमका तिथेच अडकला की कावीळ होते. शिवाय खडे तयार करते ती पिशवीच. बर्लिनमध्ये १८८२ साली पहिल्यांदा पिशवी काढणाऱ्या कार्ल लांगेनबुख यांनी हेच ओळखलं होतं. खडे विरघळवणाऱ्या गोळ्या ठरावीक खड्यांवरच चालतात, महिनोन् महिने घ्याव्या लागतात, आणि बंद केल्यावर खडे अनेकदा परततात.

पिशवी गेली म्हणून पित्त थांबत नाही. ते यकृतात तयार होतं. पिशवी फक्त साठवते. आता ते थेट आतड्यात झिरपत राहतं, म्हणून काहींना सुरुवातीला जुलाब होतात. जन्मभर तुपाशी वैर धरायचं कारण नाही. पहिले काही दिवस वरणभात, ताक, थोडं थोडं खाणं पुरतं. मग हळूहळू नेहमीचं जेवण. ऑपरेशनच्या वेळी पोटात भरलेल्या वायूमुळे एक-दोन दिवस खांदा दुखतो, त्याला घाबरू नये. बहुतेक जण दुसऱ्या दिवशी घरी जातात; जड उचलणं काही आठवडे टाळावं. ताप, वाढती पोटदुखी, पिवळे डोळे यांपैकी काही दिसलं तर तपासणीच्या तारखेची वाट न पाहता रुग्णालय गाठा. आणि काढलेली पिशवी तपासणीला जाते, तिचा अहवाल टाके बरे झाल्यावरही आठवणीनं मागून घ्या.