एका गस्ती गाडीमागे १० पोलीस का लागतात? समजून घ्या गणित

रात्री दोन वाजता बिल्डिंगखाली मारामारी होते. तुम्ही ११२ वर फोन लावता. पोलिसांची गाडी लगेच येणार की अर्ध्या तासाने, हे बरंचसं मनुष्यबळाच्या हिशोबावर ठरतं.

गाडी एक, माणसं किती?

समजा, गाडीत दोघे बसतात. आठ तासांची ड्युटी धरली, तर तीन पाळ्यांत सहा जण. पण पोलिसालाही सुट्टी असते.

एका जागेसाठी वर्षाला ३६५ × ३ = १,०९५ ड्युट्या भराव्या लागतात. एका शिपायाच्या ३६५ दिवसांतून ५२ साप्ताहिक सुट्ट्या वजा करा. रजेचे ५० दिवस आणि आजारपण, कोर्टातली साक्ष, प्रशिक्षण, बंदोबस्त यांचे मिळून ४४ दिवस धरू. उरले २१९. म्हणजे एका जागेला पाच जण, दोन जागांना दहा.

गाड्या किती हव्यात?

समजा, एका ठाण्याच्या हद्दीत तासाला सरासरी तीन कॉल येतात आणि प्रत्येक कॉलवर ४० मिनिटं जातात. काम झालं १२० मिनिटांचं. मग दोन गाड्या पुरतील? नाही. कॉल वेळ ठरवून येत नाहीत. कधी एकदम तीन येतात, कधी तासभर शांतता.

डॅनिश गणितज्ञ एर्लांग यांनी टेलिफोन एक्स्चेंजसाठी मांडलेलं सूत्र इथे लावता येतं. त्यानुसार तीन गाड्या असतील, तर १०० पैकी साधारण ४४ कॉलना गाडी मोकळी होईपर्यंत थांबावं लागतं. चार असतील, तर १७ कॉलना. चार गाड्या म्हणजे ४० पोलीस, तेही फक्त गस्तीसाठी.

माणसं कमी असतील तर?

ड्युटी १२ तासांची करतात. मग तीच गाडी दहाऐवजी सात जणांत चालते. पण वाचलेल्या तिघांचे तास या सातांच्याच अंगावर पडतात. त्यात मोठा बंदोबस्त लागला की साप्ताहिक सुट्टीही जाते.

मुंबईत २०१६ मध्ये, दत्ता पडसलगीकर पोलीस आयुक्त असताना, देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांच्या ड्युटीचा प्रयोग सुरू झाला, तो याच ताणावर उपाय म्हणून.

त्यामुळे नव्या गस्ती गाड्यांना हिरवा झेंडा दाखवल्याची बातमी वाचाल, तेव्हा एक प्रश्न नक्की विचारा: प्रत्येक गाडीमागे माणसं किती दिली?