अकरा महिन्यांच्या कामाची एकच ओळ?

महाराष्ट्र सरकारच्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतल्या मुलामुलींच्या आंदोलनाच्या बातम्या वाचकांना ठाऊक आहेतच. मुदत वाढवा, सेवेत कायम करा, ही त्यांची मागणी. योजनेच्या कागदावर मात्र ते प्रशिक्षण आहे, नोकरी नाही. या वादाचा निकाल लागायचा तेव्हा लागेल. तोवर या मुलांना इतरत्र अर्ज करावेच लागणार आहेत, आणि त्या अर्जासोबत जाणारा कागद पाहिला की जीव हळहळतो. या योजनेत बारावी झालेल्यांना महिना ६ हजार, आयटीआय किंवा पदविकावाल्यांना ८ हजार, पदवीधरांना १० हजार रुपये विद्यावेतन. आधी सहा महिने, मग मुदतवाढ मिळून अकरा. एवढा काळ ग्रामपंचायतीत किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेत राबलेल्या मुलीच्या रेझ्युमेत त्याबद्दल एक ओळ सापडते: ‘प्रशिक्षणार्थी’, कार्यालयाचे नाव, कालावधी. त्याखाली लगेच छंद.

तिने प्रत्यक्षात काय केले ते विचारून पाहा. घरपट्टी-पाणीपट्टीच्या थकबाकीची यादी वाडीवार लावली. दाखल्यांसाठी आलेल्यांचे अर्ज तपासले, चूक तिथल्या तिथे दुरुस्त करून दिली आणि कुणा म्हाताऱ्या माणसाचा दुसरा हेलपाटा वाचवला. ई-ग्रामस्वराज पोर्टलवर नोंदी चढवायला मदत केली. शाळेत असेल तर यू-डायसची माहिती भरली, आधारवरचे नाव जुळत नाही म्हणून अडकलेल्या मुलांच्या पालकांना फोन केले. यातल्या प्रत्येक कामाला बाजारात गिऱ्हाईक आहे. बँकेच्या कर्जवसुली विभागाला, विमा कार्यालयाला, रुग्णालयाच्या नोंदणी खिडकीला असाच माणूस हवा असतो: लोकांशी नीट बोलणारा, नोंद बिनचूक ठेवणारा, भरलेली माहिती पुन्हा तपासणारा. या मुलीला हे सगळे येते, फक्त तिच्या कागदाला त्याचा पत्ता नाही.

रेझ्युमे कसा लिहावा यावर सल्ल्यांचा महापूर आहे. त्यातला एकच माणूस मला मनापासून पटतो, लाझ्लो बॉक. रुमानियात जन्मलेला हा माणूस २००६ ते २०१६ या काळात गूगलच्या मनुष्यबळ विभागाचा प्रमुख होता. आपण वीस हजारांहून जास्त रेझ्युमे स्वतः वाचल्याचे त्याने लिहिले आहे. २०१४ मध्ये त्याने आपले सूत्र जाहीरपणे मांडले: काय साधले, ते कशाने मोजले आणि त्यासाठी काय केले, हे तिन्ही एका वाक्यात आले पाहिजे.

सूत्र साधे वाटते, पण त्यामागचा विचार खोल आहे. बहुतेक रेझ्युमे जबाबदाऱ्यांची यादी देतात, आणि जबाबदाऱ्या खुर्चीच्या असतात. त्या खुर्चीवर कुणीही बसले तरी त्या तशाच राहतात. वाचणाऱ्याला जाणून घ्यायचे असते की तुम्ही तिथे होता म्हणून काय बदलले. ‘करवसुलीच्या कामात मदत केली’ या वाक्यातून ते कळत नाही. समजा, त्याच मुलीने असे लिहिले: ‘सहा वाड्यांतल्या ४१० खातेदारांची थकबाकी यादी एक्सेलमध्ये नव्याने लावली, ३७ दुबार नोंदी शोधून काढल्या, त्यामुळे मागणीची बिले मागच्या वर्षीपेक्षा दोन महिने आधी वाटता आली.’ आकडे नमुन्यादाखल आहेत, पण वाक्याची ताकद बघा. आवाका आला, अचूकपणा आला, परिणाम आला आणि एक्सेल येते हे वेगळे सांगायची गरजच उरली नाही.

‘आमच्या कामात आकडे नसतातच,’ असे मुले म्हणतात. असतात. किती माणसे, किती कागद, किती वेळात, आधी किती चुका व्हायच्या आणि नंतर किती, एवढे प्रश्न स्वतःला विचारले तर शिपायाच्या कामातही आकडा सापडतो. अडचण वेगळीच आहे. काम सुरू असताना कुणी टिपून ठेवत नाही आणि रेझ्युमे लिहायला बसले की काहीच आठवत नाही. म्हणून आज जे कुठे प्रशिक्षण घेत आहेत त्यांनी आठवड्याला एकदा वहीत दोन ओळी लिहाव्यात. त्यातूनच पुढे रेझ्युमे उभा राहतो.

बॉकने नेहमी दिसणाऱ्या पाच चुकाही सांगितल्या आहेत: शुद्धलेखनाच्या चुका, पाल्हाळ, गबाळी मांडणी, गोपनीय माहिती फोडणे आणि खोटे लिहिणे. लांबीबद्दल त्याचा हिशेब दहा वर्षांच्या अनुभवाला एक पान असा आहे. म्हणजे नवख्याला एका पानाहून जास्त लिहायचे कारणच नाही. गोपनीयतेचा मुद्दा सरकारी कार्यालयात बसलेल्या मुलांनी विशेष लक्षात ठेवावा. गावातल्या कुणाची थकबाकी किती, हे उदाहरण म्हणूनही बाहेर सांगायचे नाही. आणि खोट्याबद्दल काय बोलायचे? फुगवलेला आकडा मुलाखतीत दुसऱ्याच प्रश्नाला उघडा पडतो.

या सूत्राला खरी आडकाठी आपल्या संस्कारांची आहे. स्वतःची टिमकी वाजवू नये, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेले असते. ‘सगळ्यांनी मिळून केले, माझे कसले?’ हे वाक्य मी कितीतरी हुशार मुलामुलींकडून ऐकले आहे. ही वृत्ती मला टाकाऊ वाटत नाही, तिच्यात मोठेपणा आहे. पण रेझ्युमेत तिचा तोटा त्याच मुलांना होतो ज्यांच्या वतीने बोलणारे दुसरे कुणी नसते. बड्या घरच्या मुलाची शिफारस करायला काका असतात, ओळखीचे साहेब असतात. वाडीवरच्या मुलीचा तो एक कागदच तिच्यासाठी बोलणार. गटाने अमुक केले आणि त्यात माझा वाटा तमुक, एवढे लिहिले की नम्रताही राखली जाते आणि कामही दिसते.

चाकण-भोसरीच्या कारखान्यांत अर्ज करणाऱ्या आयटीआयच्या मुलांचेही असेच होते. ‘व्हीएमसी ऑपरेटर, दोन वर्षे’ एवढे लिहून ते थांबतात. ज्याला माणूस घ्यायचा आहे त्याला विचारायचे असते: नुसते जॉब लावता की सेटिंगही करता? फॅनुक कंट्रोल हाताळला आहे की सीमेन्स? ड्रॉइंग वाचता येते का? मायक्रोमीटर, बोअर गेज, हाइट गेज यांपैकी काय वापरले? रिजेक्शन किती होते? यांची उत्तरे कागदावर असतील तर तो कागद बाजूला काढून ठेवला जातो. ‘मेहनती, प्रामाणिक, टीममध्ये काम करणारा’ हे प्रत्येक रेझ्युमेत असते, म्हणून त्याला मोल नाही.

बचत गटाची सचिव असलेल्या बाईच्या बाबतीत तर ही हानी मोठी आहे. संसारातून पुन्हा नोकरीकडे वळणारी बाई ‘अनुभव: नाही’ असे लिहून मोकळी होते. तिने वर्षानुवर्षे गटाचे हिशेब लिहिले, बँकेकडून कर्ज मंजूर करून घेतले, प्रत्येकीचा हप्ता वेळेवर जमा केला. सूक्ष्म कर्ज देणाऱ्या संस्था आपल्या क्षेत्र अधिकाऱ्यांकडून हेच काम करून घेतात आणि त्यासाठी पगार देतात.

काय लिहावे याइतकेच काय गाळावे हेही महत्त्वाचे आहे. आपल्याकडे नोकरीचा बायोडेटा लग्नाच्या बायोडेटाच्या साच्यातून निघतो. वडिलांचे नाव, जन्मतारीख, धर्म, जात, वैवाहिक स्थिती, कधी कधी आधार क्रमांकसुद्धा. खासगी नोकरीच्या अर्जातून हे सगळे काढून टाका. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी २००७ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त एक अभ्यास प्रसिद्ध केला. वर्तमानपत्रांतल्या खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना त्यांनी सारख्या पात्रतेचे अर्ज पाठवले, नावे तेवढी वेगळी. उच्चवर्णीय नावाच्या तुलनेत पुढची फेरी गाठण्याच्या शक्यतेचे गुणोत्तर दलित नावासाठी सुमारे दोन तृतीयांश आणि मुस्लिम नावासाठी सुमारे एक तृतीयांश निघाले. नाव लपवता येत नाही आणि लपवावे लागू नये. हा दोष रेझ्युमेने मिटणारा नाही, तो निवड करणाऱ्यांचा आहे आणि त्याचा जाब त्यांनाच विचारला पाहिजे. पण पूर्वग्रहाला खाद्य पुरवणारे रकाने आपण होऊन भरून द्यायचे काही कारण नाही. आरक्षित जागेच्या सरकारी अर्जात जात विचारलेली असते, तिथे ती अर्थातच द्यायची.

रेझ्युमे चाळणाऱ्या संगणकाबद्दल थोडेच सांगतो, कारण त्याची भीती अवाजवी पसरवली गेली आहे. नोकरीच्या संकेतस्थळांवर भरती करणारे लोक शब्द टाकून शोध घेतात. म्हणून जाहिरातीत ‘टॅली’ असेल तर तुमच्या कागदावर ‘टॅली’ हाच शब्द हवा, ‘हिशेबाचे सॉफ्टवेअर’ चालणार नाही. चौकटी, रंगीत पट्टे, कौशल्याचे तारे टाळा, मजकूर साधा ठेवा. चॅटजीपीटीकडून इंग्रजी तपासून घेण्यात काहीच गैर नाही. सगळा रेझ्युमेच त्याच्याकडून लिहून घेतला तर मात्र तो गुळगुळीत होतो, आणि त्यातल्या एखाद्या शब्दाचा अर्थ विचारला की उमेदवार गप्प बसतो. आधी आपल्या भाषेत, आपल्या आकड्यांसह लिहा, मग भाषा सुधारून घ्या.

शेवटी एक विनंती आहे आणि ती मुलांना नाही. या योजनेत प्रशिक्षण पूर्ण केल्याचे प्रमाणपत्र मिळते. ग्रामपंचायत अधिकारी, मुख्याध्यापक, विभागप्रमुख यांनी त्याच्या जोडीला आपल्या सहीचे अर्ध्या पानाचे पत्र द्यावे: या मुलाने किंवा मुलीने आमच्याकडे नेमकी कोणती कामे केली, किती केली आणि त्याचा आम्हाला काय उपयोग झाला. त्यासाठी वरिष्ठांची परवानगी लागत नाही, निधी लागत नाही. कायम करणे तुमच्या हातात नसेल, पण हे पत्र आहे. मुलांनो, ते मिळाल्याशिवाय कार्यालय सोडू नका.