ताटाची उजवी बाजू

मेंदूच्या वाटेवर : लेखांक 9

आपल्याकडे ताट वाढायची रीत ठरलेली आहे. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे; भाजी, उसळ, आमटी उजवीकडे. आष्ट्याजवळच्या गावात राहणाऱ्या माझ्या मामांच्या घरी ही रीत कधी मोडली नाही. दोन वर्षांपूर्वी मिरजेच्या दवाखान्यातून घरी आल्यावर पाच-सहा दिवसांनी मामा जेवता जेवता थांबले आणि म्हणाले, "आज आमटी केली न्हाई व्हय?"

"अवो, म्होरं वाटी हाय की," मामी म्हणाली.

मामांनी अंदाजाने हात पुढे नेला. वाटी कलंडली आणि आमटी पाटावरून खाली ओघळली. मामा चिडले, मामी रडकुंडीला आली. वाटी मामांना दिसलीच नव्हती, हे आम्हां कुणाच्या डोक्यात आलं नाही. त्यांच्याही नाही.

अपघात उसाच्या हंगामातला. रस्त्याकडेला दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर उभा, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. मामांची मोटारसायकल त्याच्यावर गेली, आणि हेल्मेट घरी खुंटीला होतं. डोक्याच्या डाव्या बाजूला कवटीखाली रक्त साखळलं, शस्त्रक्रिया झाली, जीव वाचला. हातपाय चालत होते, बोलणं स्वच्छ होतं. एवढ्यावर निभावलं म्हणून मामीने मिरजेतूनच सांगलीच्या गणपतीला हात जोडले.

मग बारीकसारीक गोष्टी सुरू झाल्या. उजवा खांदा दाराच्या चौकटीला लागून सतत काळानिळा. उजवीकडून कुणी हाक मारली की मामा दचकायचे. चष्म्याच्या दुकानात नेलं, तर फळ्यावरची शेवटची ओळसुद्धा त्यांनी वाचली. नजर 6/6, नंबर जवळचा तेवढा. मग सगळ्यांनी ठरवून टाकलं, की मार लागल्यापासून यांचं लक्ष राहत नाही. मीही एकदा बोलले, "मामा, जरा बघून चालत जा ना!" ते वाक्य मला आजही टोचतं. कारण मामा बघूनच चालत होते.

त्यांना झालं होतं त्याला मराठीत अर्धांधत्व म्हणता येईल. डॉक्टर हेमिअॅनोपिया म्हणतात. त्यात डोळे धडधाकट असतात. बिघाड असतो तो डोळ्यांच्या मागच्या वाटेत.

साताऱ्याच्या पोवई नाक्यावर दोन रस्ते येऊन मिळतात आणि दोन्हींवरच्या निम्म्या गाड्या सरळ जातात, निम्म्या रस्ता ओलांडून पलीकडे, असं समजा. दोन्ही डोळ्यांच्या नसा मेंदूच्या तळाशी एकत्र येतात तिथे असंच होतं. प्रत्येक पडद्याच्या नाकाकडच्या अर्ध्या भागातले तंतू पलीकडे जातात, कानाकडचे आपल्याच बाजूला राहतात. त्यामुळे त्या नाक्यापुढे डावा डोळा, उजवा डोळा असा हिशोब उरत नाही. उरतं डावं जग आणि उजवं जग. समोरच्या जगाचा उजवा अर्धा भाग, तो कुठल्याही डोळ्याने पाहिलेला असो, मेंदूच्या डाव्या बाजूला, पार मागे मानेच्या वरच्या अंगाला पोचतो. तिथे इजा झाली, की दोन्ही डोळ्यांतून उजवीकडचं जातं. एक डोळा झाकून दुसऱ्याने बघितलं तरी तेवढंच गेलेलं असतं.

मामांना मार बाजूला लागला होता, मग मागचा भाग का गेला? कवटीत जागा मोजकी असते. साखळलेल्या रक्ताने दाब वाढला, की मेंदूचा आतला काठ टेन्टोरियम नावाच्या चिवट पडद्याच्या कडेवरून खाली सरकतो, आणि त्या कडेशी मेंदूच्या मागच्या भागाला रक्त पुरवणारी धमनी दाबली जाते. रक्त वेळेत मोकळं झालं नाही तर तो भाग मरतो. मोठ्या माणसांत अर्धांधत्वाचं सर्वांत नेहमीचं कारण मात्र पक्षाघात. बीपी, साखर असलेल्या कुणाला अचानक एका बाजूचं दिसेनासं झालं, तर 'उद्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊ' म्हणू नका. गुठळी विरघळवणारं औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं.

आता सगळ्यात अवघड गोष्ट. त्या गेलेल्या अर्ध्या भागात काय दिसतं? बहुतेकांना वाटतं, काळोख. मामांना विचारलं तर ते म्हणाले, "काळं न्हाई गं. काहीच न्हाई. तुला पाठीमागचं कसं दिसतं, तसं."

याचा अनुभव तुम्ही आत्ता घेऊ शकता. कोऱ्या कागदावर एक फुली काढा आणि तिच्या उजवीकडे सात सेंटिमीटरवर मोहरीएवढा ठिपका द्या. डावा डोळा झाका. उजव्या डोळ्याने फुलीकडेच बघत कागद हळूहळू जवळ आणा. पंचवीसेक सेंटिमीटरवर ठिपका नाहीसा होईल. त्या जागी भोक दिसणार नाही, काळा डाग दिसणार नाही. कोरा कागदच दिसेल. डोळ्यातून नस जिथून बाहेर पडते तिथे पडद्याला दिसत नाही, ती ही जागा. जन्मापासून आपण सगळे ती घेऊन फिरतो आणि कुणाला पत्ता नसतो. मामांची ती जागा अर्ध्या जगाएवढी झाली होती. जे गेलं त्याची पोकळीही जाणवत नाही, म्हणून माणूस तक्रार करत नाही. घरचे मात्र त्याला निष्काळजी ठरवतात.

डोळ्यांमागच्या या वाटेचा नकाशा युद्धांनी काढून दिला, हे वाचताना मला नेहमी गलबलून येतं. 1904-05 च्या रशिया-जपान युद्धात रशियन सैनिकांच्या हाती 7.62 मिलिमीटरची, फार वेगाने जाणारी गोळी होती. ती कवटीतून सरळ आरपार जायची आणि कित्येकदा माणूस जगायचा. तात्सुजी इनोउये या तरुण जपानी नेत्रतज्ज्ञाकडे अशा सैनिकांच्या पेन्शनसाठी त्यांची दृष्टी किती गेली हे ठरवायचं काम आलं. गोळी कुठून शिरली, कुठून बाहेर पडली, हे मोजायला त्याने एक उपकरण बनवलं आणि प्रत्येकाच्या दृष्टीचा कुठला तुकडा गेलाय त्याच्याशी ते ताडून पाहिलं. 29 सैनिकांवरचं त्याचं काम 1909 मध्ये जर्मन भाषेत छापून आलं. पुढे पहिलं महायुद्ध पेटलं. आपल्या साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाचे 46 जवान त्यात गेले. गावाच्या नावापुढे 'मिलिटरी' लागतं ते अशा पिढ्यांमुळे. त्याच युद्धातल्या जखमींवरून गॉर्डन होम्स या ब्रिटिश डॉक्टरने हा नकाशा आणखी बारकाईने आखला. आज कुणाच्याही सीटी स्कॅनवर डाग बघून 'यांना उजवीकडचं दिसत नसेल' असं डॉक्टर सांगतात, त्यामागे ती माणसं आहेत.

नकाशा बारीक आहे, म्हणून नुकसानही नाना तऱ्हांचं होतं. कानामागच्या अंगाला, टेम्पोरल भागात इजा झाली तर वरचा चतकोर जातो, लोंबणाऱ्या फांद्या कपाळाला लागतात. त्याच्या वर, पराइटल भागात झाली तर खालचा चतकोर जातो. अशा माणसाला सपाट रस्त्यावर काही वाटणार नाही, पण माहुलीच्या किंवा वाईच्या घाटाच्या पायऱ्या उतरताना पाय कुठे टाकायचा ते कळत नाही.

मामांचं निदान झालं ते एका नेत्रतज्ज्ञाने समोरासमोर बसून, हाताएवढ्या अंतरावर बोटं हलवून विचारलं तेव्हा. दोन मिनिटांचं काम. मग फील्ड टेस्ट झाली. पांढऱ्या वाडग्यासारख्या यंत्रात हनुवटी टेकून बसायचं, मधल्या ठिपक्याकडे बघायचं, कुठेही दिवा चमकला की बटण दाबायचं. काचबिंदूच्या रुग्णांना ही तपासणी माहीत असते. मामांच्या कागदावर मधोमध उभी रेघ मारल्यासारखा उजवा अर्धा भाग काळा आला. मामी तो कागद कितीतरी वेळ बघत बसली. मग एवढंच म्हणाली, "म्हणजे मी उगंच बोलत हुते यास्नी."

गेलेली दृष्टी परत येते का? थोडीफार येते, आणि ती पहिल्या तीन महिन्यांत. सहा महिन्यांनंतर फारशी नाही. कुठले थेंब, कुठली गोळी ती आणत नाही. डोळ्यांच्या व्यायामाने गेलेली बाजू परत आणून देतो म्हणणाऱ्यांना पैसे देऊ नका, असं मी स्पष्ट सांगेन. जे खरोखर शिकता येतं ते वेगळं आहे: नजर मुद्दाम, लांब आणि वारंवार न दिसणाऱ्या बाजूला फेकणं. नुसतं जरासं वळून भागत नाही. दिसत नाही त्याच्याही पलीकडे, पार कडेला नजर टाकायची आणि तिथून परत आणत यायची. मामांनी याचा सराव कडधान्यावर केला. मामी सुपात मटकीत चार-पाच हरभरे टाकून उजवीकडे पसरायची आणि मामा ते शोधायचे. पहिल्या आठवड्यात दोन सापडायचे. चष्म्याच्या काचेवर चिकटवायची प्रिझम असतात. ती हरवलेल्या बाजूचं चित्र दिसणाऱ्या बाजूत सरकवून आणतात. काहींना त्यांचा चांगला उपयोग होतो. मामांना गरगरायला लागलं, त्यांनी ती काढून ठेवली.

वाचन हा मामांचा जीव. मराठी डावीकडून उजवीकडे जाते आणि डोळा वाचताना पुढची अक्षरं आधीच चाचपून ठेवतो. उजवी बाजू गेलेल्याला पुढचं काही दिसतच नाही. शब्दाचा शेवट, ओळीचा शेवट गळून जातो. डावी बाजू गेलेल्याला वाचता बरं येतं, पण पुढच्या ओळीची सुरुवात सापडत नाही. गेल्या पावसाळ्यात मामांनी पेपरातलं शीर्षक वाचलं, 'कोयनेतून विसर्ग', आणि पोती माळ्यावर चढवायला लागले. 2019 मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांवर गेलेलं ज्यांनी पाहिलंय, त्यांना कोयनेतून विसर्ग म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. तिथे धोक्याची पातळी 45 फूट आहे. शीर्षक होतं, 'कोयनेतून विसर्ग बंद'. तो 'बंद' मामांच्या जगात नव्हता. तेव्हापासून मामी पेपरातल्या बातमीच्या उजव्या कडेला लाल पेनाने उभी रेघ ओढून देते. लाल रेघ लागेपर्यंत ओळ संपलेली नाही, हा नियम. कधी ते पेपर उजवीकडे आडवा फिरवून धरतात. मग ओळी वरून खाली येतात आणि पुढची ओळ डावीकडे, म्हणजे दिसणाऱ्या बाजूला असते.

रस्ता मात्र क्षमा करत नाही. आपल्याकडे गाड्या डावीकडून चालतात, म्हणजे रस्ता ओलांडताना पहिला धोका उजवीकडून येतो, नेमका मामांच्या नसलेल्या बाजूने. ते आता कडेला उभे राहून अख्खं अंग उजवीकडे वळवतात, मगच पाऊल टाकतात. मोटारसायकलची किल्ली त्यांनी स्वतः भाच्याच्या हातात दिली. ब्रिटनमध्ये गाडी चालवायला निदान 120 अंशांचं आडवं क्षेत्र लागतं; मामांकडे साधारण 90 उरलंय. आकडा ऐकून ते गप्प झाले. दुसऱ्या दिवशी किल्ली दिली.

सोबत चालणाऱ्यांनी त्यांच्या उजवीकडे चालावं, म्हणजे धक्के आपण घेतो. गप्पा मारायला बसताना मात्र डावीकडे बसावं, म्हणजे त्यांना आपला चेहरा दिसतो. हे एवढं आम्हाला कळायला वर्ष लागलं.

एक गोष्ट मामांनी फार दिवस लपवली होती. सुरुवातीच्या आठवड्यांत त्यांना उजवीकडे कधी रंगीत जाळी, कधी फेट्यातली माणसं दिसायची. बोललो तर डोक्यावर परिणाम झाला म्हणतील, किंवा देवऋषाकडे नेतील, ही भीती. दृष्टीकडून काही येईनासं झालेला मेंदूचा भाग स्वतःच चित्रं तयार करतो. याला चार्ल्स बोनेट सिंड्रोम म्हणतात. 1760 मध्ये बोनेटने आपल्या आजोबांच्या बाबतीत ते नोंदवून ठेवलं होतं. माणूस शुद्धीत असतो, समोरचं खरं नाही हे त्याला ठाऊक असतं. बहुधा ते आपोआप ओसरतं. तरी डॉक्टरांना सांगावं, कारण क्वचित ते फिटचंही लक्षण असतं. तुमच्या घरात असं कुणी असेल तर आपण होऊन, मायेने विचारा.

सरकारी कागदांचंही सांगते. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात अल्पदृष्टीच्या व्याख्येत दृष्टिक्षेत्राची अट 40 अंशांपेक्षा कमी अशी आहे. अर्धांधत्वाचा आकार त्या मापात नीट बसत नाही. पण 2018 च्या मार्गदर्शक सूचनांत मॅक्युलापर्यंत, म्हणजे नजरेच्या मध्यापर्यंत आलेलं अर्धांधत्व 40 टक्क्यांच्या रकान्यात नाव घेऊन नमूद होतं, आणि सवलतींची सुरुवात 40 टक्क्यांपासूनच होते. साताऱ्याच्या क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालयात किंवा सांगलीच्या वसंतदादा पाटील रुग्णालयात प्रमाणपत्रासाठी जाताना फील्ड टेस्टचा कागद आणि स्कॅनचा रिपोर्ट दोन्ही न्या. नुसती नजर तपासली तर 6/6 येते आणि माणूस रिकाम्या हाताने परत फिरतो.

मामी आता रोजचं ताट उलटं वाढते, आमटी-भाजी डावीकडे, चटणी-लिंबू उजवीकडे. दसऱ्याला मी गेले होते. सणाचं ताट तिच्याच्याने उलटं वाढवेना. पुरण, कटाची आमटी, भाजी, सगळं रीतीप्रमाणे आपापल्या जागी आलं. मामांनी हात जोडले, ताटाच्या दोन्ही कडा धरल्या, ताट सावकाश अर्धं फिरवून घेतलं आणि आमटीच्या वाटीत पोळीचा पहिला घास बुडवला.