कोका व अनगा : मोंगल राजघराण्यांतील दुधाचें नातें

औरंगजेबाच्या दक्षिणेंतील सरदारांची नांवें पाहतांना 'बहादुरखान कोकलताश' हें नांव वारंवार आढळतें. यांतील 'कोकलताश' हा शब्द वाचकास आडनांव वाटण्याचा संभव आहे. परंतु तें एका नात्याचें नांव आहे. ज्यानें बादशहाबरोबर एकाच स्त्रीचें दूध घेतलें तो कोकलताश, म्हणजे आपल्या भाषेंत दूधभाऊ. शब्द तुर्की असून त्यांतील 'ताश' हा प्रत्यय भागीदारी दाखवितो. याचेंच आटोपशीर रूप 'कोका'. दूध पाजणाऱ्या किंवा बालकास सांभाळणाऱ्या दाईस 'अनगा' व तिच्या नवऱ्यास 'अतका' म्हणत. पगारावर ठेविलेली दाई राजकुळाची आप्त कशी होत असे, आणि त्या आप्तपणाचें वजन किती होतें, हें अकबराच्या चरित्रावरून चांगलें कळतें. म्हणून त्याचा विचार येथें केला आहे.

प्रथम या नात्याचा कायदा पाहूं. इस्लामी धर्मशास्त्राप्रमाणें दूध पाजणारी स्त्री बालकाची आई ठरते व तिचीं मुलें त्याचीं भावंडें ठरतात. त्यांच्यांत विवाह निषिद्ध आहे. पण या नात्यानें वारसाहक्क मिळत नाहीं. म्हणजे दाईचें कुटुंब घरांत शिरलें तरी घराच्या मालमत्तेंत त्याचा वांटा नसे. त्यास जें मिळे तें वाढविलेल्या मुलाच्या प्रेमानें व मर्जीनेंच मिळे. पुढील सर्व हकीकतींचें मूळ या दोन गोष्टींत आहे.

इ. स. १५४० मध्यें कनोजच्या लढाईंत हुमायूनचा पराभव झाला. गंगा ओलांडतांना तो बुडत असतां शम्सुद्दीन महंमद नांवाच्या गझनीच्या एका साध्या शिपायानें त्यास हात देऊन बाहेर काढिलें. ता. १५ आक्टोबर १५४२ रोजीं उमरकोट येथें अकबर जन्मला, तेव्हां या शिपायाची बायको जीजी अनगा हिला दाईचा मान मिळाला. अकबरासाठीं अनेक दाया होत्या. त्यांत जीजी अनगा व माहम अनगा या दोघी विशेष प्रसिद्धीस आल्या. पुढील वर्षीं हुमायून इराणाकडे निघाला, तेव्हां एक वर्षाचें मूल मागें राहून चुलता अस्करी याच्या हातीं पडलें. आईबाप परदेशीं व मूल वैऱ्याच्या घरीं, अशा वेळीं या दाया त्याजबरोबर कंदाहारास व तेथून काबूलास गेल्या. इ. स. १५४७ मध्यें हुमायून काबूलास वेढा घालून बसला असतां दुसरा चुलता कामरान यानें बालकास तोफांच्या माऱ्यापुढें तटावर ठेवविलें, व माहम अनगेनें त्यास आपल्या देहाचा आडोसा केला, असें अकबरनाम्यांत म्हटलें आहे. दायांचें नातें दुधानें जुळलें असलें तरी तें पक्कें झालें तें या आपत्तींत.

अकबर तेराव्या वर्षीं गादीवर आला. इ. स. १५६० मध्यें बैरामखान दूर झाल्यावर दरबारांत माहम अनगेचें वर्चस्व वाढलें. तिचा मुलगा आधमखान माळव्यावर गेला. तिनें दिल्लीस पुराण्या किल्ल्यासमोर बांधविलेली 'खैरुल मनाझिल' ही मशीद अद्यापि उभी आहे. तिकडे शम्सुद्दीनहि अतकाखान या नांवानें मोठ्या पदास चढला आणि १५६१ च्या अखेरीस वकील झाला. येणेंप्रमाणें एकाच मुलास सांभाळणाऱ्या दोन घराण्यांत चुरस लागली. ता. १६ मे १५६२ रोजीं आधमखानानें आग्र्याच्या किल्ल्यांत अतकाखानाचा भर दरबारांत खून करविला. गलबल्यानें जागा झालेल्या अकबरानें आधमखानास गच्चीवरून खालीं लोटविलें, आणि तो मेला नाहीं असें पाहून पुन्हां वर आणून लोटविलें. ही वार्ता त्यानें माहमेस स्वतः सांगितली. तिनें बादशहास दोष दिला नाहीं. पण चाळीसच दिवसांत ती मरण पावली. मायलेकांची कबर बादशहानेंच मेहरौलीस बांधविली.

माहमेची स्थिति येथें नीट लक्षांत घेतली पाहिजे. जिच्या पोटच्या मुलास जिनें वाढविलेल्या मुलानेंच मारिलें, तिला न्याय मागण्यास दुसरें घरच उरलें नव्हतें. परक्या घरांत आप्त होण्याची एवढी मोठी किंमत क्वचितच कोणी दिली असेल.

जीजी अनगेचा वंश मात्र टिकला. तिचा मुलगा मिर्झा अझीज कोका हा खान-इ-आझम झाला. तो फटकळ व हट्टी होता. घोड्यांना डाग देण्याच्या नियमास त्यानें विरोध केल्यामुळें त्यास कांहीं काळ घरीं बसावें लागलें; १५९३ मध्यें तर तो परवानगीवांचून मक्केस निघून गेला. तरी दुधाच्या नात्यामुळें आपला हात त्याजवर चालत नाहीं, अशा आशयाचे अकबराचे उद्गार प्रसिद्ध आहेत. याच कोकानें १५८६ मध्यें वऱ्हाडांत शिरून एलिचपूर लुटलें व तो नंदुरबाराकडे निघून गेला. प्रेमास राजनीतीची मर्यादाहि होती: १५६८ मध्यें अतका घराण्यांतील मंडळींच्या पंजाबांतील एकत्र जहागिरी काढून त्यांस निरनिराळ्या प्रांतीं पाठविण्यांत आलें, एका अझीजाची जहागीर तेवढी राहिली.

इ. स. १६०० च्या सुमारास जीजी अनगा वारली. तेव्हां अकबरानें तिच्या जनाज्यास खांदा दिला व डोक्याचे केंस आणि मिशा उतरविल्या. इ. स. १६०४ मध्यें त्याची जन्मदात्री हमीदाबानू वारली, तेव्हांहि त्यानें क्षौर केलें. दोन मातांसाठीं एकच सुतक पाळिलें गेलें, यापेक्षां अधिक स्पष्ट पुरावा तो कोणता पाहिजे?

आतां महाराष्ट्राकडे वळूं. येथें सापिंड्याचा विचार दुधावरून होत नाहीं. म्हणून दाईच्या नात्यास शास्त्राचें कुंपण नव्हतें, तें मायेनें व चाकरीनेंच टिके. संभाजी महाराजांचा जन्म ता. १४ मे १६५७ रोजीं पुरंदरावर झाला, व सईबाई १६५९ मध्यें राजगडावर निवर्तल्या. कापूरहोळच्या गाडे घराण्यांतील धाराऊ हिनें बाळास दूध पाजिलें, व तिचे मुलगे पुढें संभाजी महाराजांच्या पदरीं राहिले, अशी परंपरा आहे. उलट पक्षीं औरंगजेबाचा दूधभाऊ बहादुरखान यानें भीमातीरीं पेडगांवास आपल्या नांवानें बहादुरगड वसविला. फेब्रुवारी १६८९ मध्यें धाराऊचें दूध प्यालेला राजा कैद होऊन आणला गेला तो याच गडावर.

सारांश, कागदांत 'कोका', 'अनगा' किंवा 'दूधभाऊ' हा शब्द आला असतां तो केवळ सौजन्याचा समजून पुढें जाऊं नये. त्यामागें एखादी स्त्री असते. आपल्या लेंकराच्या वांट्याचें दूध तिनें दुसऱ्यास दिलेलें असतें, आणि त्याबद्दल तिच्या सर्व कुळाचा उत्कर्ष व अपकर्ष त्या दुसऱ्याच्या घराशीं बांधला गेलेला असतो. वारशाच्या यादींत तिचें नांव सांपडणार नाहीं. तें शोधावयाचें तें शिक्षेच्या व सुतकाच्या प्रसंगीं. कारण घरचें कोण आणि चाकर कोण, हें त्या दोन वेळीं उघड होतें.