बाटाची चप्पल आणि अळूचं खाचर

(सामुदायिक रेडिओवर दिलेलं भाषण)

कामं आटोपून रेडिओपाशी बसलेल्या जणींना नमस्कार, आणि भाकरी थापता थापता ऐकणाऱ्यांनाही नमस्कार.

आज आपण दोन लांबच्या मुलखांत जाऊन येणार आहोत. पण निघायचं आपल्या घरातूनच. आधी उंबऱ्याबाहेर बघा. तिथे कुणाची तरी बाटाची चप्पल असेल. बाटा म्हणजे आपल्याकडचीच कंपनी, असं मलाही पुष्कळ वर्षं वाटायचं. पण बाटा हे एका चेक कुटुंबाचं आडनाव आहे. १८९४ साली झ्लीन नावाच्या गावात तोमाश बाटा, त्यांचा भाऊ आणि बहीण आन्ना या तिघांनी मिळून जोडे शिवायचा धंदा काढला. पुढे तो जगभर पसरला आणि १९३०च्या दशकात बंगालमध्ये आला. कोलकात्याजवळच्या त्या वसाहतीचं नावच बाटानगर पडलं.

आता परसात चला. मोरीच्या पाण्यावर अळू माजलं असेल. आपण त्याची पानं खातो, वड्या करतो, फतफतं करतो. हवाई बेटांवर याच अळूचा कंद हे मुख्य अन्न होतं. आपल्याकडे भाताची खाचरं असतात तशी तिथे अळूची खाचरं. कंद शिजवून, कुटून त्याची लापशीसारखी पोई करतात. तिथल्या जुन्या कथेत अळू हा माणसाचा थोरला भाऊ आहे. पहिलं मूल मृत जन्मलं, ते पुरलं तिथे अळू उगवलं, आणि पाठचं मूल म्हणजे माणूस. धाकट्याने थोरल्याची सेवा करायची, थोरल्याने धाकट्याला जेवू घालायचं.

तर एका मुलखातून आली चप्पल आणि दुसऱ्या मुलखात आहे अळू. या दोन ठिकाणची माणसं कशी जगतात, त्यांचं पोट कशावर चालतं, तिथल्या बाईची काय स्थिती आहे, हे आज बघू.

कुठे आहेत हे मुलूख?

चेक देश युरोपच्या मध्यावर आहे. त्याला समुद्र नाही, चहूबाजूंनी दुसरे देश. आकाराने आपल्या महाराष्ट्राच्या साधारण चौथ्या हिश्श्याएवढा, लोकसंख्या एक कोटीच्या थोडी वर. राजधानी प्राग.

हवाई म्हणजे प्रशांत महासागराच्या मधोमध असलेली बेटं. आज ते अमेरिकेचं एक राज्य आहे. लोकसंख्या चौदा लाखांच्या आसपास. पण त्यातले मूळचे हवाईयन थोडे. बाकीचे जपान, फिलिपिन्स, चीन, पोर्तुगाल आणि अमेरिकेतून आलेले. त्यातले पुष्कळ जण उसाच्या मळ्यांवर मजूर म्हणून आले आणि तिथलेच झाले.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. चेक माणूस आपल्या देशात बहुसंख्य आहे आणि त्याचं स्वतःचं सरकार आहे. हवाईयन माणूस आपल्याच बेटांवर अल्पसंख्य आहे. पुढची सगळी तुलना या फरकावर उभी आहे.

जमीन गेली कशी, आली कशी?

दोघांचीही जमीन एकेकाळी हातातून गेली. चेक मुलखात १६२० साली प्रागजवळ लढाई झाली. चेक सरदार हरले आणि त्यांच्या जहागिऱ्या काढून घेतल्या. पुढे तीनशे वर्षं राज्य ऑस्ट्रियाच्या राजघराण्याचं आणि सरकारदरबारी जोर जर्मन भाषेचा. १९१८ साली चेकोस्लोव्हाकिया स्वतंत्र झाला. दुसऱ्याच वर्षी मोठ्या जमीनदारांची जमीन काढून लहान शेतकऱ्यांना द्यायचा कायदा झाला. १९४८ नंतर कम्युनिस्ट राजवटीने तीच जमीन सामूहिक शेतीत ओढून घेतली. १९८९ साली लोक रस्त्यावर आले, ती राजवट गेली, आणि १९९१च्या कायद्याने जमिनी जुन्या मालकांना किंवा त्यांच्या वारसांना परत मिळू लागल्या.

सगळं गोड झालं असं नाही. वारस तोवर शहरात गेलेले. आजही पुष्कळ जमीन मोठ्या शेती कंपन्या खंडाने कसतात. आणि दुसऱ्या महायुद्धानंतर तीसेक लाख जर्मन भाषकांना देशाबाहेर काढलं, त्यांची जमीन कधीच परत मिळाली नाही. तरी मुद्दा एवढाच, की चेक लोकांच्या हाती कायदा करायची सत्ता परत आली, म्हणून जमीन परत आणायची वाट निघाली.

आता हवाई. तिथे आधी जमीन कुणी विकत नसे, विकत घेत नसे. राजा, सरदार आणि कसणारा, सगळ्यांचा तिच्यावर आपापला हक्क. १८४८ साली जमिनीची वाटणी झाली. १८५० साली कायदा आला, की कसणाऱ्याने दावा सांगावा, मोजणी करून घ्यावी, साक्षीदार आणावेत, मग त्याला कागद मिळेल. आपल्यापैकी जिने तालुक्याच्या कचेरीत वारसनोंदीसाठी हेलपाटे घातलेत, तिला पुढचं सांगायलाच नको. पिढ्यान्‌पिढ्या जी जमीन आपलीच आहे तिच्यासाठी अर्ज कशाला, हे लोकांना कळेना. शेवटी सामान्य लोकांच्या वाट्याला बेटांवरच्या शंभर एकरांतला एक एकरसुद्धा आला नाही. आणि त्याच वर्षी परदेशी माणसाला जमीन विकत घ्यायची मुभा मिळाली.

मग आला ऊस. उसाला पाणी लागतं हे आपल्याला कुणी शिकवायला नको. मळेवाल्यांनी डोंगरातले ओढे पाट काढून वळवले. खालची अळूची खाचरं कोरडी पडली.

राणीची गोधडी

१७ जानेवारी १८९३ रोजी साखरेच्या आणि व्यापाराच्या धंद्यातल्या गोऱ्या मंडळींनी हवाईची राणी लिलिउओकलानी हिला गादीवरून उतरवलं. मदतीला अमेरिकन जहाजावरचे सैनिक किनाऱ्यावर उतरले होते. १८९५ साली राणीला तिच्याच राजवाड्यातल्या एका खोलीत कोंडलं. तिथे तिने आणि तिच्या सोबतिणीने तुकडे जोडून गोधडी शिवली आणि त्यावर नावं, तारखा आणि झाल्या घटना सुईदोऱ्याने टाचून ठेवल्या. ती गोधडी आजही होनोलुलूच्या त्या राजवाड्यात बघायला मिळते.

राणी कैदेतून सुटली, पण बाहेर बायका गप्प बसल्या नव्हत्या. हवाई अमेरिकेला जोडायचा तह होऊ घातला, तेव्हा १८९७ साली बेटाबेटांवर फिरून विरोधाच्या अर्जावर सह्या गोळा झाल्या. बायकांची संघटना वेगळी होती, तिने बायकांच्या सह्या घेतल्या. मिळून एकवीस हजारांवर सह्या झाल्या. हवाईयन लोक होतेच जेमतेम चाळीस हजार! तो तह अमेरिकेत मंजूर झाला नाही. पण १८९८ साली दुसऱ्या वाटेने, साध्या ठरावाने, बेटं जोडून घेतलीच. १९९३ साली, बरोबर शंभर वर्षांनी, अमेरिकेच्या संसदेने याबद्दल रीतसर माफी मागितली. माफी मिळाली, जमीन मिळाली नाही.

१९२१ सालच्या एका कायद्याने सुमारे दोन लाख एकर जमीन हवाईयन लोकांच्या घरांसाठी राखून ठेवली आहे. वर्षाला एक डॉलर भाडं, ९९ वर्षांचा करार. पण अट अशी, की निदान अर्धं रक्त हवाईयन हवं. यादीत नाव घालून थांबलेले लोक आज अठ्ठावीस हजारांच्या वर आहेत. कित्येक जण वाट बघता बघताच वारले.

आजीची भाषा

एका बाबतीत मात्र दोन्ही मुलखांची कहाणी बहिणी-बहिणींसारखी आहे. दोन्हीकडे भाषा घरातल्या बायकांनी राखली.

चेक भाषा शहरात आणि कचेरीत मागे पडली, तरी खेड्यात चुलीपाशी बोलली जात होती. बोझेना न्येम्त्सोवा या बाईंनी खेड्यांतल्या गोष्टी गोळा केल्या आणि १८५५ साली ‘बाबिच्का’, म्हणजे आजी, ही कादंबरी लिहिली. बाई स्वतः हलाखीत जगल्या, पण पुस्तक घराघरांत गेलं. पुढे प्रागमध्ये चेक भाषेचं नाट्यगृह लोकांनी वर्गणी काढून बांधलं. ते १८८१ साली उघडलं आणि दोनच महिन्यांत आगीत सापडलं. लोकांनी थोड्याच आठवड्यांत पुन्हा पैसे जमवले आणि १८८३ साली ते परत उभं राहिलं.

हवाईत १८९६च्या कायद्याने शाळा इंग्रजीत झाल्या. हवाईयन बोललं की मुलांना शिक्षा व्हायची. १९८०च्या सुमारास अशी वेळ आली, की अस्खलित हवाईयन बोलणारी अठरा वर्षांखालची मुलं पन्नासही नव्हती. तेव्हा काही आई-बाप आणि शिक्षक एकत्र आले. १९८४ साली त्यांनी बालवाडी काढली. नाव ‘पूनाना लेओ’, म्हणजे आवाजाचं घरटं. तिथे म्हाताऱ्या माणसांनी मुलांशी फक्त हवाईयनमध्ये बोलायचं. कायद्याने ते तेव्हा चालत नव्हतं. दोन वर्षांनी कायदा बदलला. आज हजारो मुलं त्या भाषेत शाळा शिकतात.

बाईचं काम, बाईचा पगार

चेक देशात स्त्रियांना १९२०च्या राज्यघटनेने मताचा हक्क दिला. पहिले राष्ट्राध्यक्ष मासारिक यांनी तर लग्नानंतर बायकोचं आडनाव आपल्या नावात घेतलं होतं! आज तिथे बेकारी युरोपात सगळ्यांत कमी असलेल्या देशांत मोडते, गरिबीचं प्रमाणही तसंच. आरोग्य विमा सक्तीचा आहे आणि लहान मुलांचा, म्हाताऱ्यांचा व तान्ह्या मुलांच्या आयांचा हप्ता सरकार भरतं. मूल तीन वर्षांचं होईपर्यंत आईला किंवा बापाला रजा मिळते, नोकरी राखलेली असते.

ऐकायला छान. पण रजा घेते बहुतेक आईच. तीन वर्षांखालच्या मुलांची पाळणाघरं फार कमी. परत येईतो बरोबरीचे पुरुष पुढे गेलेले असतात. २०२२च्या आकड्यांत पुरुषाला तासाला शंभर मिळाले तर बाईला साधारण ब्याऐंशी. हा फरक युरोपात मोठ्यांपैकी आहे.

हवाईत पगाराचा आकडा मोठा दिसतो, पण तो तिथेच खर्ची पडतो. खाण्याच्या वस्तूंपैकी बहुतेक जहाजाने येतात, म्हणून महाग. वीज अमेरिकेत सगळ्यांत महाग. ओआहू बेटावर साधं घर दहा लाख डॉलरच्या आसपास. शेवटचा साखर कारखाना २०१६ साली बंद पडला. आता पोट पर्यटनावर. वर्षाला नव्वद लाखांवर पाहुणे येतात, त्यांच्या खोल्या झाडायला आणि चादरी बदलायला बायका. कित्येकींच्या दोन-दोन नोकऱ्या. २०१८ साली हॉटेल कामगारांनी ५१ दिवस संप केला. मागणी एकच, एका नोकरीत घर चाललं पाहिजे.

एक गोष्ट हवाईने चांगली केली आहे. १९७४ सालापासून आठवड्याला वीस तास काम करणाऱ्याला मालकाने आरोग्य विमा द्यावा असा कायदा आहे. तरीही २०२०च्या जनगणनेत दिसलं, की अर्ध्याहून अधिक हवाईयन लोक आता हवाईबाहेर, अमेरिकेच्या मुख्य भूमीवर राहतात. आपल्या गावात राहणं त्यांना परवडत नाही.

सरासरीच्या आड कोण?

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे चेक लोकांचं बरं आणि हवाईयनांचं वाईट. तसं म्हणून थांबू नका. सरासरी ही झाकणासारखी असते. वरून भांडं चकचकीत, आत काय शिजतंय ते झाकण उचलल्याशिवाय दिसत नाही.

चेक देशात रोमा नावाचा समाज आहे. त्यांच्या मुलांना मोठ्या प्रमाणावर मंदबुद्धींच्या शाळेत घालायचे. २००७ साली युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने याला भेदभाव ठरवलं. त्याहून वाईट म्हणजे, कम्युनिस्ट काळापासून कितीतरी वर्षं रोमा बायकांची नसबंदी त्यांना नीट न सांगता, न विचारता होत राहिली. बाळंतपणात वेदना चालू असताना कागदावर सही घ्यायची. त्या बायका एकत्र आल्या, वर्षानुवर्षं दाद मागत राहिल्या. २०२१ साली कायदा झाला आणि तीन लाख क्राउन भरपाई ठरली. पण दवाखान्याचे जुने कागद नष्ट झाल्यामुळे कित्येकींचे अर्ज अडले.

हवाईतही तेच. राज्याची सरासरी कमाई चांगली आहे, पण बेघरांत आणि तुरुंगात मूळ हवाईयनांचं प्रमाण त्यांच्या संख्येच्या मानाने जास्त आहे.

अर्थात, चांगली बातमीही आहे. उसाचे मळे बंद पडल्यावर २०१८ साली राज्याच्या पाणी आयोगाने पूर्व माउईतल्या अनेक ओढ्यांत पाणी परत सोडायचा निर्णय दिला. अळू लावणाऱ्या कुटुंबांनी त्यासाठी कित्येक वर्षं भांडण चालवलं होतं.

मैत्रिणींनो, कुठल्याही मुलखाची, गावाची किंवा घराची ‘स्थिती चांगली आहे’ असं कुणी सांगितलं, की आपण चार गोष्टी विचाराव्यात. जमिनीचा कागद कुणाच्या नावावर आहे? पाणी कुणाच्या शेताकडे जातं? शाळेत पोराची भाषा चालते का? आणि सही घेताना बाईला कागद वाचून दाखवला होता का?

येत्या बैठकीत हिशेब झाल्यावर हे चार प्रश्न आपल्या गावाबद्दल एकमेकींना विचारा. पहिल्यापासून सुरुवात करा. आपल्या गटातल्या कितीजणींचं नाव सातबाऱ्यावर किंवा घराच्या उताऱ्यावर आहे, ते मोजा. आकडा वहीत लिहून ठेवा आणि पुढल्या वर्षी याच महिन्यात परत मोजा.

येते मी. नमस्कार.